वाचकांचे प्रश्न : गेलिक फुटबॉलचे तिकीट आणि रिकाम्या खुर्च्या

हात आणि पाय दोन्हींनी चेंडू खेळवायच्या, आयर्लंडमधील गेलिक फुटबॉल या हौशी खेळाविषयी या सदरात लिहिल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : तिकिटे महाग होत चालली आहेत, आणि अंतिम सामना वगळला तर कित्येक सामन्यांना मैदान भरत नाही. पत्र पाठवणाऱ्यांपैकी काही जण आयर्लंडमध्येच स्थायिक झालेले मराठी वाचक आहेत. विषय एकच असल्यामुळे या वेळी सर्व उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : या खेळातील खेळाडू छदामही घेत नाहीत, असे आपण लिहिले होते. मग अंतिम सामन्याचे तिकीट शंभर युरोंना का? हा पैसा जातो कुठे? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील (म्हणजे जिल्ह्यातील) थर्ल्स या गावी स्थापन झाली, आणि खेळाडूंना पगार द्यायचा नाही हे तत्त्व तिने आजतागायत सोडलेले नाही. डब्लिनमधील क्रोक पार्क या संस्थेच्या मुख्य मैदानावर ८२ हजार लोकांसमोर खेळणारा सुतार, शेतकरी किंवा बँकेतील कर्मचारी दोन-चार दिवसांत पुन्हा आपल्या कामावर रुजू होतो. त्याला प्रवासखर्च आणि काही किरकोळ भत्ते मिळतात, तेवढेच.

अंतिम सामन्याचे बैठकीचे तिकीट २०१८ पर्यंत ८० युरोंना होते. ते २०१९ मध्ये ९० आणि २०२३ मध्ये १०० युरो झाले. उभ्याने पाहण्याच्या जागेचे तिकीट त्याच वर्षी ५५ युरोंवर गेले. या पैशाचा हिशेब मागितला की संस्था सांगते, हाती येणाऱ्या प्रत्येक युरोतील सुमारे ८३ सेंट क्लब, काउंटी मंडळे, प्रशिक्षण आणि मैदाने यांच्याकडे परत जातात. या दाव्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण दिसत नाही. आयर्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक क्लब आहेत, ते गावोगावच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतील वस्तीत, रुजलेले आहेत, आणि त्यांची हिरवळ, कपडे बदलण्याच्या खोल्या, लहान मुलांचे प्रशिक्षण यांतील बराचसा खर्च अशाच वाटपातून भागतो.

तरीही एक मोठा खर्च असा आहे की ज्याकडे बोट दाखवलेच पाहिजे. काउंटी संघांच्या तयारीवर होणारा एकूण खर्च आता वर्षाला ४ कोटी युरोंच्या पुढे गेला आहे. खेळाडू हौशी असले तरी त्यांच्याभोवती व्यायामतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि सामन्यांच्या चित्रफिती तपासणारे विश्लेषक असा सगळा व्यावसायिक लवाजमा उभा राहिला आहे. शेजारच्या काउंटीने एक माणूस नेमला की आपणही दोन नेमायचे, अशी ही चढाओढ आहे. काउंटी मंडळाला तो पैसा उभा करावाच लागतो, आणि त्यासाठी त्याचे लक्ष सर्वांत आधी वळते ते प्रवेशद्वाराकडे.

प्रश्न : तिकीट महागले म्हणूनच प्रेक्षक कमी झाले, असे इथे सगळे म्हणतात. आपल्याला ते पटते का? (एक वाचक, गॉलवे)

उत्तर : अर्धेच पटते. हा प्रश्न या सगळ्या पत्रव्यवहाराचा गाभा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

केवळ दरामुळे गर्दी ओसरत असती, तर सर्वांत महाग तिकिटाचा सामना सर्वांत रिकामा दिसला असता. प्रत्यक्षात अंतिम सामन्याची तिकिटे मिळता मिळत नाहीत. दर ८० वरून १०० वर गेला तरी तिथे एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. काउंटी संघ आधी आपल्या प्रांताच्या आणि मग अखिल आयर्लंड स्पर्धेत खेळतात. प्रेक्षक गळाले ते मधल्या टप्प्यांवर : प्रांतांच्या स्पर्धांत, गटसाखळीत, आणि उपांत्यपूर्व फेरीच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे प्रेक्षक नुसता दर पाहत नाही. त्या दरात आपल्याला काय मिळणार आहे, हे तो पाहतो. आणि त्याला हवी असते ती निकालाची अनिश्चितता.

लीन्स्टर प्रांताचे उदाहरण घ्या. डब्लिनने हा प्रांत २०११ ते २०२४ असा सलग १४ वेळा जिंकला. डब्लिन काउंटीची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती, तर लाउथची एक लाख चाळीस हजारांच्या आत. हा फरक मैदानावर दिसणारच होता. २०१७ मध्ये डब्लिनसमोर किल्डेअर उभे होते आणि त्यांच्याकडून लढतीची आशा होती, तेव्हा प्रांताच्या अंतिम सामन्याला ६६ हजारांवर लोक आले. ती आशा फोल ठरली. पुढच्या वर्षी लीशविरुद्ध तोच सामना होता, आणि गर्दी ४० हजारांच्या घरात उतरली. २०२३ मध्ये डब्लिनने लाउथचा ५-२१ विरुद्ध ०-१५ असा फडशा पाडला. यातला पहिला आकडा गोलांचा आणि दुसरा गुणांचा; या खेळात एका गोलाचे तीन गुण होतात, म्हणजे हा फरक २१ गुणांचा झाला. २०२४ मध्ये हेच दोन संघ अंतिम सामन्यात पुन्हा भेटले, तेव्हा क्रोक पार्कवर जेमतेम २३ हजार माणसे होती. ८२ हजारांच्या मैदानात २३ हजार म्हणजे वरचे मजले जवळजवळ ओस. खेदाची गोष्ट अशी की तो सामना चांगला झाला. लाउथ अवघ्या चार गुणांनी हरले. परंतु आदल्या वर्षीचा एकतर्फी निकाल लोकांच्या मनात इतका पक्का बसला होता की ही लढत पाहायला ते घराबाहेरच पडले नाहीत.

मग २०२५ उजाडले. पोर्टलीश येथील उपांत्य सामन्यात मीथने डब्लिनला हरवले आणि चौदा वर्षांची मक्तेदारी एका दुपारी संपली. ११ मे रोजी क्रोक पार्कवर मीथ आणि लाउथ समोरासमोर आले, आणि त्याच मैदानात ६५ हजारांहून अधिक लोक जमले. एका वर्षात गर्दी जवळजवळ तिप्पट झाली. लाउथने १९५७ नंतर प्रांताचे विजेतेपद मिळवले नव्हते, आणि क्षेत्रफळाने ती आयर्लंडमधील सर्वांत लहान काउंटी आहे. ३-१४ विरुद्ध १-१८, म्हणजे अवघ्या दोन गुणांनी सामना सुटला, तेव्हा लाल पोशाखातील माणसे कुंपणे ओलांडून हिरवळीवर उतरली. त्यांच्यातील पासष्टीच्या आतील कुणालाही यापूर्वीचे विजेतेपद आठवणे शक्यच नव्हते. या गर्दीला तिकीट स्वस्त करून कुणी बोलावले नव्हते. या वेळी काय होईल ते कुणालाच ठाऊक नव्हते, आणि लोक आले ते त्यासाठी.

अल्स्टर प्रांताचा अनुभव असाच आहे. मॉनाहन काउंटीतील क्लोन्स हे दोनेक हजार वस्तीचे गाव. तिथे २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी डोनेगॉल आणि आर्मा यांच्यात अंतिम सामना झाला. एकदा निकाल पेनल्टींवर लागला, दुसऱ्यांदा जादा वेळेत, एका गुणाने. मैदान दोन्ही वेळा खच्चून भरले होते. हर्लिंग या काठी-चेंडूच्या भावंडखेळाची मन्स्टरमधील साखळीही २०१८ पासून अशीच गर्दी खेचते आहे, कारण तिथल्या पाच संघांपैकी कुणीही कुणालाही हरवू शकतो. संस्था एकच आणि तिकिटे काढणारे लोकही त्याच समाजातले, तरी फुटबॉल आणि हर्लिंग यांची प्रेक्षकसंख्या निरनिराळी दिसते. याचा उलगडा केवळ दरावरून होणे शक्य नाही.

मग दराचा दोष अर्धा तरी का धरायचा? कारण अनिश्चितता नसलेल्या सामन्यासाठी जास्त पैसे मागणे, ही संस्थेच्या हातातील चूक होती. २०२३ ते २०२५ ही तीन वर्षे अखिल आयर्लंड स्पर्धेत १६ संघांची चार गटांत साखळी झाली. या साखळीत २४ सामने व्हायचे आणि एवढ्या खटाटोपानंतर बाद व्हायचे ते फक्त चार संघ. पहिला सामना हरला तरी चालते, दुसरा हरला तरी आशा असते, हे खेळाडूंना ठाऊक असते तसे प्रेक्षकांनाही ठाऊक असते. ज्या सामन्याच्या निकालाने फारसे काही बिघडत नाही, त्याच्यासाठी पूर्ण पैसे द्या आणि दीडशे किलोमीटर गाडी हाकत या, हे सांगणे मला न्याय्य वाटत नाही. लोकांनी त्याला घरी बसून उत्तर दिले.

प्रश्न : सामने वाढले म्हणजे पाहायला जास्त मिळाले. त्यात वाईट काय? (एक वाचक, कॉर्क)

उत्तर : खेळाडूंच्या बाजूने पाहिले तर वाईट काहीच नाही, आणि ती बाजू मी आधी मांडतो. २००० पर्यंत ही स्पर्धा सरळ बाद पद्धतीची होती. लीट्रिमसारख्या ३५ हजार वस्तीच्या काउंटीतील मुले हिवाळाभर चिखलात सराव करीत आणि ७० मिनिटांच्या एका सामन्यात त्यांचे वर्ष संपत असे. २००१ मध्ये हरलेल्या संघांना दुसरे दार उघडले गेले, ते योग्यच होते. २०१८ आणि २०१९ मध्ये शेवटच्या आठ संघांची दोन गटांत साखळी झाली. तीही चांगल्या हेतूने.

अडचण घरखर्चाची आहे. पूर्वी मे ते सप्टेंबर अशी पसरलेली स्पर्धा २०२२ पासून आटोपशीर झाली आहे. काउंटी संघांचे सगळे सामने जानेवारी ते जुलै या काळात होतात आणि ऑगस्टपासून क्लबांचा मोसम सुरू होतो. क्लबच्या खेळाडूला आपले वेळापत्रक आधी कळावे, हा या विभागणीमागील विचार अतिशय रास्त होता, आणि तो मागे घ्यावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्यामुळे एका कुटुंबाला पंधरा-पंधरा दिवसांनी, कधी लागोपाठच्या शनिवार-रविवारी, तिकीट, पेट्रोल आणि जेवणखाण यांचा खर्च करावा लागतो. पैशाचे पाकीट तर तेच आहे. मग कुटुंब निवड करते, आणि बिनमहत्त्वाचा सामना पहिल्यांदा वगळते.

२०२६ पासून गटसाखळी रद्द करून, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत दुसऱ्या पराभवानंतर संघ बाद होईल, अशी रचना आणली आहे. हा निर्णय मला मनापासून आवडला. दुसरी संधी राहिली, तिसरी गेली, आणि प्रत्येक सामन्याला वजन आले.

प्रश्न : आम्ही डोनेगॉलमध्ये राहतो. तिकिटापेक्षा प्रवासच महाग पडतो. याचा विचार कुणी करते का? (एक वाचक, लेटरकेनी)

उत्तर : पुरेसा होत नाही, असे मला वाटते. डोनेगॉल काउंटीत आज रेल्वेच नाही. लेटरकेनीहून डब्लिन सव्वादोनशे किलोमीटरांहून लांब, आणि रस्ता काही अंतर उत्तर आयर्लंडमधून जातो, म्हणजे वाटेत चहापाण्याला युरोंऐवजी पौंड लागतात. केरीच्या किलार्नीहून डब्लिन तीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. संध्याकाळचा सामना असला की रात्री परतणे अवघड होते, आणि डब्लिनमध्ये उन्हाळ्यात हॉटेलची खोली तिकिटाच्या कित्येक पटींनी पडते. डब्लिनच्या चाहत्याला मात्र बहुतेक मोठे सामने घरच्या दारात मिळतात.

दर ठरवताना तिकिटावरील आकडा सर्वांसाठी सारखा दिसतो, पण प्रत्यक्षात मोजावी लागणारी किंमत सारखी नसते. म्हणून सामना कुठे भरवायचा, हा निर्णय दराइतकाच महत्त्वाचा ठरतो. २०१८ चा एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. सोडतीत किल्डेअरला मेयोविरुद्ध घरचे मैदान मिळाले होते. न्यूब्रिजचे ते मैदान तेव्हा ८,२०० क्षमतेचे, आणि मेयो म्हणजे आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातील, प्रचंड चाहतावर्ग असलेला संघ. गर्दी मावणार नाही, सुरक्षेचा प्रश्न येईल, असे सांगून संयोजकांनी सामना क्रोक पार्कवर हलवला. किल्डेअरने साफ नकार दिला. खेळणार तर न्यूब्रिजमध्येच, नाहीतर खेळणारच नाही, अशी भूमिका व्यवस्थापक किअन ओ'नील यांनी जाहीरपणे घेतली. संघ आला नाही तर सामना गमावल्याचे धरले जाईल, असे बजावून झाले. शेवटी संयोजकांनाच माघार घ्यावी लागली. ३० जूनच्या संध्याकाळी ते लहानसे मैदान तुडुंब भरले आणि किल्डेअरने ०-२१ विरुद्ध ०-१९ असा विजय मिळवला.

अनेक मेयोकरांना त्या दिवशी तिकीट मिळाले नाही, हे खरे आहे आणि त्यांच्याविषयी मला सहानुभूती वाटते. तरी माझे मत किल्डेअरच्या बाजूचे आहे. मोठ्या मैदानात विखुरलेल्या वीस-पंचवीस हजारांपेक्षा छोट्या मैदानात दाटलेले आठ हजार लोक खेळाला अधिक जिवंत ठेवतात, आणि ज्याने तो माहोल एकदा अनुभवला तो पुढच्या वेळीही तिकीट काढतो.

प्रश्न : खेळच कंटाळवाणा झाला होता, म्हणून आम्ही जाणे सोडले. नवे नियम आल्यावर फरक पडला आहे का? (एक वाचक, लिमरिक)

उत्तर : पडला आहे, आणि आपली तक्रार अगदी रास्त होती. २०११ च्या उपांत्य सामन्यात डब्लिनने डोनेगॉलला ०-८ विरुद्ध ०-६ असे हरवले. दोन्ही संघांचे मिळून ७० मिनिटांत १४ गुण. डोनेगॉलने त्या दिवशी जवळजवळ सगळा संघ आपल्या गोलसमोर उभा केला होता. पुढे हे तंत्र घरोघरी पोहोचले. बचावाची भिंत एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ती फोडण्याचा धोका न पत्करता चेंडू हाताने इकडून तिकडे देत राहणारा संघ, असे दृश्य वर्षानुवर्षे दिसू लागले. घरी बसून अशा वेळी टीव्ही बंद करता येतो. मैदानात पैसे भरून बसलेल्या माणसाला तीही सोय नसते.

२०२४ मध्ये डब्लिनचे माजी व्यवस्थापक जिम गॅव्हिन यांच्या अध्यक्षतेखाली नियमांचा फेरविचार करणारी समिती नेमली गेली, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरच्या विशेष अधिवेशनाने तिच्या शिफारशी २०२५ च्या मोसमासाठी स्वीकारल्या. प्रत्येक संघाने आपले किमान तीन मैदानी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात ठेवलेच पाहिजेत; गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावरून मारला तर एकाऐवजी दोन गुण; खेळ पुन्हा सुरू करणारी गोलरक्षकाची किक त्या कमानीच्या पलीकडे गेलीच पाहिजे; आणि फ्री किक मिळालेल्या खेळाडूला न थांबता पळत सुटता येईल. भिंत उभी करायला माणसेच अपुरी पडू लागली.

२०२४ चा अंतिम सामना आर्माने गॉलवेविरुद्ध १-११ विरुद्ध ०-१३ असा जिंकला. एकूण २७ गुण. २०२५ चा अंतिम सामना केरीने डोनेगॉलविरुद्ध १-२६ विरुद्ध ०-१९ असा जिंकला. एकूण ४८ गुण. आर्माचा विजय त्यांच्या लोकांसाठी अमोल होता आणि त्याची थोरवी मी कमी करीत नाही. पण खेळाशी ज्याचे काही नाते नाही अशा माणसाला हे दोन सामने दाखवले, तर पुन्हा कुठल्या सामन्याला यायला तो तयार होईल, हे सांगायला नको.

प्रश्न : घरबसल्या पैसे भरून सामना पाहण्याची सोय झाल्यामुळेच मैदाने रिकामी होत नाहीत का? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : काही प्रमाणात. २०१४ ते २०२२ या काळात काही सामने सशुल्क उपग्रह वाहिनीवर होते. त्यानंतर संस्था आणि राष्ट्रीय प्रसारक आरटीई यांच्या भागीदारीतील गागो या इंटरनेट सेवेकडे ते आले, आणि २०२३ मध्ये महत्त्वाचे सामने खुल्या वाहिनीवर नाहीत म्हणून एवढा गदारोळ झाला की उपपंतप्रधानांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या वेळी एका सामन्याला १२ युरो पडत. २०२५ पासून ही सेवा एकट्या संस्थेच्या मालकीची, जीएए प्लस या नावाने चालते.

घरबसल्या पाहण्याचे पैसे घरटी एकदाच लागतात आणि मैदानातील तिकीट माणशी लागते, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला घर स्वस्त पडणार यात शंका नाही. तरी पैसे भरून पाहणे हे लोकांना मैदानाकडे ढकलत नाही. ज्यांना परवडत नाही किंवा जमत नाही असे वृद्ध मात्र दोन्हीकडून तुटतात. ग्रामीण भागातील संथ इंटरनेट हा त्यातला आणखी एक अडथळा. लहान मुलांनी खेळ सहज पाहावा आणि मग मैदानाचा हट्ट धरावा, यासाठी खुल्या वाहिनीवरचे सामने वाढायला हवेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : माझे शेजारी ऐंशीच्या घरातले आहेत. त्यांनी आयुष्यभर फाटकावर रोख पैसे देऊन सामने पाहिले. आता तिकीट आधी काढावे लागते म्हणून ते जातच नाहीत. (एक वाचक, स्लायगो)

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार वाईट वाटले, कारण असे शेजारी प्रत्येक काउंटीत आहेत. कोविडच्या साथीनंतर काउंटी सामन्यांची तिकिटे बहुतांशी आधी, इंटरनेटवरून काढायची झाली. रोख रकमेची मोजदाद टळली, गर्दीचा अंदाज आधी येऊ लागला. संयोजकांचे काम सोपे झाले, हे मान्य. काही दुकानांतूनही तिकिटे मिळतात, ती चौकशी आपण त्यांच्यासाठी जरूर करावी.

यात आणखी एक गोष्ट हरवली. पूर्वी फाटकावरच्या फिरत्या दांड्यापाशी पोरे घुटमळत उभी असत आणि ओळख ना पाळख अशा कुठल्याही मोठ्या माणसाला, आम्हाला वरून उचलून आत घ्याल का, असे विचारत. तो माणूस त्या पोराला बखोट्याला धरून दांड्यावरून पलीकडे ठेवी, आणि तिकीट तपासणारा दुसरीकडे पाही. कित्येकांचा पहिला सामना असा झाला. आज सोळा वर्षांखालील मुलांना अनेक सामन्यांत नाममात्र दरात प्रवेश मिळतो ही चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठीही कुणीतरी मोठ्याने आधी मोबाइलवर तिकीट काढावे लागते. ज्या घरात खेळाचे वेड नाही, त्या घरातील मूल आत येण्याचा तो मार्ग बंद झाला. प्रत्येक मैदानावर निदान एक रोखीची खिडकी ठेवणे अशक्य नाही, आणि ती ठेवावी.

प्रश्न : अंतिम सामन्याची तिकिटे खुल्या विक्रीला का येत नाहीत? (एक वाचक, वॉटरफर्ड)

उत्तर : ती काउंटी मंडळांमार्फत क्लबांना आणि क्लबांमार्फत सभासदांना वाटली जातात. अंतिम फेरीत पोहोचलेल्या दोन काउंट्यांना मोठा वाटा मिळतो, बाकीच्यांना थोडा. क्लबच्या हाती मोजकीच तिकिटे आली की सोडत काढतात. वर्षभर मुलांना शिकवणाऱ्या, मैदानाचे गवत कापणाऱ्या, सामन्याच्या दिवशी वाहनतळावर उभे राहणाऱ्या माणसाला अंतिम सामना पाहायला मिळावा, हा या पद्धतीचा आधार आहे. मला ती पद्धत बरोबर वाटते. तक्रार करायचीच तर ती मोठ्या कंपन्यांसाठी राखलेल्या बैठकींविषयी करावी.

माझा दरवाढीला असलेला विरोधही यातूनच येतो. व्यावसायिक खेळात प्रेक्षक हा ग्राहक असतो आणि खेळाडू पगारी. इथे तिकीट काढणाराच शुक्रवारी क्लबच्या सोडतीची कुपने विकतो, शनिवारी दहा वर्षांच्या मुलांना शिकवतो आणि रविवारी त्याच संस्थेच्या फाटकावर पैसे भरतो. त्याने श्रम आधीच दिलेले असतात. मोसमाच्या सुरुवातीला, मुख्य स्पर्धेआधी होणाऱ्या लीग सामन्यांना, जिथे पाऊस, वारा आणि अर्धे रिकामे मैदान हे ठरलेलेच असते, तिथे २०१९ मध्ये वरच्या दोन विभागांचा दर १५ वरून २० युरो करण्यात आला. अंतिम सामन्याचा दर वाढवण्यापेक्षा ही पाच युरोंची वाढ मला अधिक चुकीची वाटते, कारण नवा प्रेक्षक जोडला जातो तो अशाच सामन्यांतून.

प्रश्न : आम्ही दोघे आणि दोन मुले, कुणीही हा खेळ मैदानात पाहिलेला नाही. पहिला सामना कोणता पाहावा? (एक वाचक, किल्डेअर)

उत्तर : क्रोक पार्कने सुरुवात करू नका. फेब्रुवारी-मार्चमधील लीगचा एखादा सामना आपल्याच काउंटीच्या मैदानात पाहा. दोन्ही संघ गुणतक्त्यात जवळजवळ असतील, बढती किंवा घसरण ठरायची बाकी असेल, असा सामना निवडा. लीगच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत असे सामने हमखास असतात. उबदार कपडे आणि रेनकोट बरोबर असू द्या, कारण लहान मैदानांत छप्पर एकाच बाजूला असते. त्याहूनही कमी खर्चात पाहायचे असेल तर ऑगस्टनंतर आपल्या पॅरिशच्या क्लबचा सामना पाहा. तिथे कुंपणाला टेकून उभे राहता येते, खेळाडूंची हाक ऐकू येते, आणि मध्यंतरात मुलांना मैदानात उतरून चेंडू मारू देतात. शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही नियम विचारा. तो सामना संपेपर्यंत समजावून सांगत राहील, आणि पुढच्या आठवड्यात मुलांना सरावाला किती वाजता आणायचे तेही सांगेल.